पडदा मागवण्याआधी कॅमेऱ्याची उंची मोजा

तळ्याकाठचा महाल, मागे मोठा चंद्र, थोडं धुकं, जमल्यास काजवे. प्री-वेडिंग फोटोशूटला मागे लावायला असा छापील पडदा हवा म्हणून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वर्कशॉपमध्ये आलात की आमचा पहिला प्रश्न असतो, "कॅमेरा किती उंचीवर असणार?" बऱ्याच जणांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण "चित्र सुंदर आहे, फोटोत मात्र काहीतरी खटकतंय" असं म्हणत जे पडदे परत येतात, त्यांत बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते हेच माप. मग नवं डिझाइन, नवी छपाई, आणि तोवर शूटची तारीख येऊन ठेपते.

जमीन आणि आकाश जिथे मिळतात ती क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर दिसते. फोटोत डोळा म्हणजे लेन्स. लेन्स जमिनीपासून 4 फुटांवर असेल तर पडद्यावरची क्षितिजरेषाही जमिनीपासून 4 फुटांवरच हवी. कॅमेरा पुढे-मागे नेला किंवा वर-खाली झुकवला, तरी हे माप तेच राहतं. ट्रायपॉडची उंची बदलली की मात्र ते बदलतं. लेन्स 4 फुटांवर आणि चित्रातलं क्षितिज 6 फुटांवर असेल, तर मागची जमीन चढासारखी उभी राहते आणि जोडपं उतारावरून घसरतंय असं वाटतं. क्षितिज 2 फुटांवर आलं तर तेच दोघे महालापुढे राक्षसासारखे दिसतात. चूक कुठे आहे ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

रिसेप्शनच्या स्टेजवर घोटाळा हमखास होतो. स्टेज 2 फूट उंच, फोटोग्राफर खाली उभा, लेन्स जमिनीपासून 5 फुटांवर. अशा वेळी पडद्यावरचं क्षितिज स्टेजच्या फळीपासून 3 फुटांवर हवं. माप नेहमी नवरा-नवरी ज्या जमिनीवर उभे आहेत तिथून लेन्सच्या मध्यापर्यंत घ्यायचं. त्यासाठी टेप लागते, अंदाज चालत नाही.

आमचं डिझाइन मोबाइलवर आलं की तुम्हीही तपासू शकता. जमीन सपाट दाखवली असेल आणि लेन्स 4 फुटांवर असेल, तर चित्रातला 8 फुटी दरवाजा जवळ असो वा लांब, क्षितिजरेषेने तो बरोबर निम्म्यावर छेदला पाहिजे. तसं दिसलं नाही तर निःसंकोच परत पाठवा. छपाईआधीच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही घेत नाही.

लक्ष्मी विलास पॅलेसचा स्वतः काढलेला फोटो आणून "हाच मागे छापा" म्हणणारे पुष्कळ आहेत. 1890 मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू बडोदेकरांच्या मनात आहे, तेव्हा इच्छा समजते. पण हिरवळीवरून मोबाइल वर झुकवून काढलेल्या फोटोत मनोऱ्याच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. सरळ धरलेल्या कॅमेऱ्यापुढे तो फोटो लावला की मनोरा मागे कलंडतोय असं दिसतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो साधारण 1600 पिक्सेलपर्यंत घटतो. 15 फुटांवर ताणला तर इंचाला जेमतेम 9 पिक्सेल उरतात, आणि आम्ही 72 धरून काम करतो. म्हणून छत्र्या, कमानी, झरोके आम्ही तुमच्या लेन्सच्या उंचीला धरून नव्याने रेखाटतो. एक दिवस जास्त लागतो, पण संगीत नाटकांच्या पडद्यांवरचे महालही चित्रकारांनी हातानेच उभे केले होते.

चंद्राच्या बाबतीत हवी तेवढी मोकळीक घ्या. 20 फुटांवरच्या पडद्यावर खऱ्या मापाचा चंद्र साधारण 2 इंचांचा भरेल, आम्ही तो 3 फुटांचा करतो आणि तो शोभतो. क्षितिज, दरवाजे, पायऱ्या यांना मात्र हात लावायचा नाही. जमीन खरी वाटली की वरचं स्वप्नही पटतं.

फोटोग्राफर अजून ठरला नसेल तर धुक्याचं डिझाइन घ्या. क्षितिज झाडी आणि धुक्यात विरवलं की फूटभर फरक सहज खपतो. लांबच्या गोष्टी फिकट आणि निळसर ठेवल्यामुळे खोलीही येते.

रुंदीचा हिशेब असा. जोडपं पडद्यापासून किमान 6 फूट पुढे हवं, नाहीतर त्यांची सावली थेट चंद्रावर पडते. कॅमेरा त्यांच्यापासून 14 फुटांवर, म्हणजे पडद्यापासून 20 फुटांवर. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्सच्या आडव्या फोटोत पडद्याचा सुमारे साडेचौदा फूट भाग येतो, 85 मिमीला साडेआठ. 10 फुटी पडदा स्वस्त पडतो म्हणून घेऊन त्यावर 50 मिमी लावलीत, तर दोन्ही बाजूंना हॉलची भिंत येणार. अशा वेळी 16 फुटी घ्या.

चंद्र डावीकडे असेल तर मुख्य लाइटही डावीकडून द्या, आणि पडद्यासाठी वेगळा लाइट ठेवा. कापड मॅटच घ्यावं. फ्लेक्स स्वस्त मिळतो, पण फ्लॅशची चमक मारतो आणि ती नंतर एडिटिंगमध्ये काढणं कठीण जातं. पडदा जमिनीला टेकतो ती रेघ गवताने किंवा फुलांनी झाका.

नवरीच्या साडीचा फोटो आधी दाखवा. हिरवा शालू जंगलात हरवतो, पांढरं पानेतर धुक्यात विरघळतं. हिरव्यामागे जांभळट संध्याकाळ, पानेतरामागे गडद निळी रात्र चांगली खुलते.

पडद्याची घडी घालू नका. आम्ही देतो त्या पाइपवर चित्र बाहेर ठेवून गुंडाळा. सुरकुती पडलीच तर मागच्या बाजूने वाफ द्या.

ऑर्डर देताना चार गोष्टी आणा: लेन्सची उंची, पडद्यापासून कॅमेऱ्याचं अंतर, लेन्सचा आकडा आणि साडीचा फोटो. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल तर तेही सांगा, कारण त्यावर 50 मिमीचा फोटो 75 ते 80 मिमीइतका आवळून येतो. माप घ्यायला अडचण वाटली तर शूटची जागा बडोद्यात असल्यास आमचा माणूस टेप घेऊन येईल. त्याचे वेगळे पैसे नाहीत.