घारापुरी : वस्ती आणि दळणवळण

मुंबई बंदराच्या पाण्यातील बेट व त्यावरील छोटे गाव. गेटवे ऑफ इंडियापासून सु. १० किमी. एवढे जवळ असूनही ते मुंबईत मोडत नाही. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील ही ग्रामपंचायत. बेटावरील एलिफंटा लेण्यांना १९८७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, पण लेणी बघून परतणाऱ्या बहुतेकांना इथे माणसे राहतात हे ध्यानातही येत नाही.

वस्ती सु. १,२०० असून ती शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन पाड्यांत विखुरली आहे. मासेमारी, थोडी भातशेती, होड्यांची दुरुस्ती हे जुने उद्योग. आता बऱ्याच घरांची चूल पर्यटकांवर पेटते. धक्क्यापासून लेण्यांकडे जाणाऱ्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी माळा, दगडी मूर्ती, लिंबू सरबत आणि मिठाची काकडी मांडलेली असते. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीवाले खांद्यावरून वर नेतात. पर्यटकांना रात्रीचा मुक्काम करता येत नाही, त्यामुळे संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की बेट पुन्हा गावकऱ्यांचे होते.

बेटावर जायला पाण्याखेरीज वाट नाही. गेटवेहून लाकडी लाँचने साधारण तास लागतो. पहिली लाँच सकाळी नवाच्या सुमारास मुंबईहून निघते, शेवटची सायंकाळी साडेपाचच्या सुमारास बेटावरून परतते. शहरातून येणाऱ्याला हे वेळापत्रक सोयीचे आहे. गावकऱ्याला मात्र नेमके उलटे हवे असते: सकाळी शहरात पोचायचे, संध्याकाळी घरी यायचे. फोर्टात दहा ते सहाची नोकरी धरलेल्या माणसाला या लाँचचा उपयोग जवळपास शून्य. सोमवारी लेणी बंद, त्या दिवशी गर्दीही नाही आणि धंदाही नाही.

तहसील, बाजार, पुढचे शिक्षण यांसाठी तोंड वळते ते उरणकडे, मोरा किंवा न्हाव्याच्या दिशेने. (मोराबंदर बेटावर आणि मोरा उरणला, नवख्याची हमखास गफलत होते.) या बाजूला खाडीचा गाळ भरतो, म्हणून घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघून निघावे लागते. ओहोटीत किती चिखल उघडा पडतो याचा अंदाज एका आकड्यावरून येईल: बेटाचे क्षेत्रफळ भरतीला सु. १० चौ. किमी., तर ओहोटीला सु. १६ चौ. किमी. मानले जाते. पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की लाँच बंद, आणि आजारी माणसालाही समुद्र शांत व्हायची वाट बघावी लागते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून बेटाकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जण दगावले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली.

बारमाही वीज इथे आली ती फेब्रुवारी २०१८मध्ये, समुद्रतळाखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किमी. केबलमधून. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चाले. समोर मुंबईचा झगमगाट रात्रभर दिसे तो वेगळाच.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा हा २१.८ किमी. लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंतची लोकलही त्याच दिवशी सुरू झाली. सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो, तिथून घारापुरीचे डोंगर दिसतात. लोकलचा लाभ गावाला मिळतो, पण आधी होडीने उरण गाठल्यावर. शेवटची लाँच चुकली तर ओळखीची होडी मिळते का बघायचे, नाहीतर रात्र नातेवाइकाकडे काढायची, ही रीत अजून मोडलेली नाही.