विज्ञानकथांची जुनी नभोनाट्ये : ‘मोफत’ या शब्दामागची पार्श्वभूमी

इंग्रजी विज्ञानकथांवर बेतलेली जुनी नभोनाट्ये इंटरनेटवर शोधू लागलेल्या मुंबईतील मराठी श्रोत्याला सामग्रीची वाण कधी पडत नाही. एका संध्याकाळच्या शोधात महिनाभर पुरतील इतके भाग हाती लागतात आणि त्यांतील बहुतेकांवर ‘मोफत’ असा शिक्का असतो. या एका शब्दाखाली मात्र तीन निरनिराळ्या अवस्था नांदतात : हक्काची मुदत संपलेले नाटक, हक्कधारकाने स्वतःहून खुले केलेले नाटक, आणि कोणी हरकत घेतली नाही म्हणून उपलब्ध राहिलेले नाटक. जुन्या विज्ञानकथा-मालिकांचा मोठा साठा तिसऱ्या प्रकारात मोडतो. तो तसा का मोडतो, हे कळण्यासाठी नाटकांपेक्षा त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा प्रवास पाहावा लागतो.

मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीच्या नभोनाट्याचे (‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’) अमेरिकेतील ३० ऑक्टोबर १९३८ चे प्रक्षेपण सर्वांना माहीत आहे. विज्ञानकथेला अमेरिकी रेडिओवर मोठ्यांसाठी नियमित जागा मिळाली ती १९५० मध्ये. त्या वर्षी सुरू झालेली ‘डायमेन्शन एक्स’ ही मालिका दीड वर्षात थांबली. ती प्रक्षेपित करणाऱ्या एनबीसी या नभोवाणी कंपनीनेच एप्रिल १९५५ ते जानेवारी १९५८ या काळात ‘एक्स मायनस वन’ प्रक्षेपित केली आणि तिचे पहिले पंधरा भाग आधीच्याच संहितांवर नव्याने बसवले. ३० सप्टेंबर १९६२ रोजी तेथील जुन्या नभोनाट्यांचे युग संपल्याचे मानले जाते.

ही नाटके टिकली ती मुख्यतः तबकड्यांमुळे. प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटे मावत, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागाला दोन बाजू लागत. अशा तबकडीवरून उतरवलेल्या भागात बाजू बदलल्याची जागा आजही कानाला कळते. खरखर वाढत गेलेला, थोडा दबलेला आवाज मध्यावर अचानक मोकळा होतो. परदेशी तैनात सैनिकांसाठी काढलेल्या तबकड्यांतून जाहिराती वगळल्या जात, म्हणून काही भाग तीस मिनिटांऐवजी बावीस-चोवीस मिनिटांतच संपतात. ब्रिटनमध्ये १९५३ साली सुरू झालेल्या अंतराळप्रवासाच्या एका गाजलेल्या मालिकेची ध्वनिमुद्रणे नष्ट झाली असे मानले जात होते. परदेशी प्रक्षेपणासाठी काढलेल्या तिच्या तबकड्या १९८६ मध्ये सापडल्या. अमेरिकेत हा ठेवा स्पूलवर, मग कॅसेटवर उतरवून एकमेकांना टपालाने पाठवण्याचे काम हौशी संग्राहकांनी पदरमोड करून केले. त्यांनी ते केले नसते, तर आज कायद्याचा काथ्याकूट करण्यापुरतेही फारसे काही उरले नसते.

मुंबईच्या श्रोत्यापर्यंत हा साठा पोहोचला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एमपी३ आल्यानंतर. या श्रोत्याची आवड छापील मराठी विज्ञानकथेवर पोसलेली होती. विज्ञानप्रसारासाठी १९६६ साली मुंबईतच स्थापन झालेल्या संस्थेच्या कथास्पर्धा आणि १९७४ मध्ये एका ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञाने टोपणनावाने त्या स्पर्धेला पाठवलेली कथा, हे संदर्भ त्याला ठाऊक होते. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या श्रुतिकांमुळे नुसत्या आवाजांवर नाटक ऐकण्याची सवयही कानाला होती. ३२ केबीपीएस दराने साठवलेला अर्ध्या तासाचा भाग सुमारे सात एमबीचा होई, आणि टेलिफोनच्या तारेवरून चांगल्या मोडेमनेही तो उतरवून घ्यायला जवळपास ऐकण्याइतकाच वेळ लागे. ‘एक्स मायनस वन’चे सव्वाशे भाग दोन सीडींवर मावत. अशा सीडी हातोहात फिरत आणि फाइलच्या नावात प्रक्षेपणाची तारीख घातलेली असे. ही तारीख अतिशय उपयोगाची आहे, कारण एकच कथा त्याच शीर्षकाने १९५० मध्ये आणि पुन्हा १९५५ मध्ये सादर झालेली आढळते. कलाकार वेगळे, आवाजाची प्रत वेगळी. आजही शोधताना शीर्षकाला तारखेची जोड दिल्यास हवा तोच भाग सापडतो.

याच काळात ‘हे सारे पब्लिक डोमेनमध्ये आहे’, म्हणजे हक्कमुक्त आहे, हे वाक्य सीडींबरोबर फिरू लागले. त्याला आधार होता, पण अर्धाच. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या संघीय स्वामित्वहक्क कायद्याचे संरक्षण नव्हते. ही गोष्ट खरी असली, तरी तेथील राज्यांचे कायदे लागू होतेच, आणि ते एकसारखे नव्हते. शिवाय एका नभोनाट्यात किमान तीन हक्क गुंतलेले असतात : मूळ कथेचा, संहितेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कथा मासिकात छापली गेली असेल आणि २८ वर्षांनी तिच्या हक्काचे नूतनीकरण झाले नसेल, तर ती अमेरिकेत खुली होते. पण तिच्यावरून लिहिलेल्या, कधीच न छापलेल्या संहितेला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि जुन्या ध्वनिमुद्रणांना संघीय संरक्षणाखाली आणले. १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित झालेल्यांना १०० वर्षे, १९४७ ते १९५६ मधील प्रकाशितांना ११० वर्षे आणि १९५६ नंतरच्या तसेच अप्रकाशित ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत मुदत मिळाली. रेडिओवरचे प्रक्षेपण म्हणजे ‘प्रकाशन’ नव्हे, असे धरले तर १९५० चा भागही शेवटच्या गटात जातो. प्रकाशन धरले तरी तो २०६० संपेपर्यंत खुला होत नाही. म्हणजे ‘पब्लिक डोमेन’ हा शिक्का ज्या मालिकांवर सर्वाधिक दिसतो, त्यांच्याच बाबतीत तो सर्वांत कमी टिकतो. याच कायद्यात एक वाटही ठेवलेली आहे : व्यावसायिक वापरात नसलेले जुने ध्वनिमुद्रण, प्रामाणिक शोध घेऊन आणि रीतसर सूचना दाखल करून, हक्कधारकाने ९० दिवसांत हरकत घेतली नाही तर विनानफा वापरता येते. जतनाच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

भारतीय कायद्याचा हिशेब आणखी वेगळा आहे. येथे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे, प्रक्षेपणाला २५ वर्षे आणि लेखनाला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. त्यामुळे १९५५ चा एखादा भाग येथील मुदतीने खुला झालेला दिसला, तरी ज्याच्या कथेवर तो बेतला तो लेखक २०१२ पर्यंत हयात असेल, तर कथेचा प्रश्न उरतोच. दुवा उघडून ऐकणाऱ्यापेक्षा त्या भागाचे मराठी रूपांतर करून ते नेटवर टाकू पाहणाऱ्याला हा फरक जास्त जाचतो, कारण रूपांतराचा हक्क कथेबरोबर चालतो.

पहिल्या दोन प्रकारांतील सामग्री २००० नंतर वाढली. डिसेंबर २००२ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे मुक्त परवाने, म्हणजे हक्कधारकाने इतरांना वापराची आधीच दिलेली परवानगी, उपलब्ध झाले आणि काही स्वतंत्र ध्वनिनाट्य-निर्मात्यांनी आपल्या मालिका त्यांखाली खुल्या केल्या. ऑगस्ट २००५ पासून स्वयंसेवकांच्या एका वाचन-उपक्रमाने अमेरिकेत हक्कमुक्त ठरलेल्या कथाच निवडून, आपली ध्वनिमुद्रणेही हक्कमुक्त म्हणून जाहीर केली. त्यांत विज्ञानकथांचे कित्येक संच आहेत, काही पात्रनिहाय आवाजांत. ब्रिटिश सार्वजनिक नभोवाणीच्या जुन्या मालिका भारतातूनही बराच काळ ऐकता येत होत्या, परंतु जुलै २०२५ मध्ये तिचे ऐकण्याचे ॲप ब्रिटनबाहेरील श्रोत्यांसाठी बंद करण्यात आले. १९३८ च्या ज्या प्रक्षेपणाने विज्ञानकथा-नाटकाला जगभर ओळख दिली, त्याची मूळ कादंबरी आज खुली आहे. ध्वनिमुद्रणाला मात्र, प्रकाशित धरले तरी, २०३८ संपेपर्यंत संरक्षण आहे.