टिंबाच्या डावीकडे कोण आहे?

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत खाते.दाखव() अशी ओळ बिनतक्रार चालते: खाते हे ऑब्जेक्ट, दाखव हे त्यातलं फंक्शन. ऑब्जेक्ट, फंक्शन आणि व्हेरिएबल यांना देवनागरी नावं देता येतात. समजा, दाखव या साध्या फंक्शनच्या आत धिस.रक्कम कन्सोलवर छापली आहे; धिस म्हणजे फंक्शन ज्या ऑब्जेक्टसाठी चालतंय ते. वरच्या कॉलने खात्यातली रक्कम नीट छापली जाते. आता ब्राउझरमध्ये सेटटाइमआउट(खाते.दाखव, 1000) लिहा; हा टायमर दिलेलं फंक्शन 1000 मिलिसेकंदांनी चालवतो. सेकंदभराने रकमेऐवजी अनडिफाइन्ड, म्हणजे ‘किंमतच नाही’, दिसेल. एरर नाही, काही नाही. त्यामुळे बग शोधायला नको तितका वेळ जातो.

धिस कोण हे फंक्शन कुठे लिहिलंय यावर ठरत नाही, ते कसं बोलावलं यावर ठरतं. टिंबाच्या डावीकडचं ऑब्जेक्ट म्हणजे धिस. टायमरच्या ओळीत दाखवपुढे कंस नाहीत, म्हणजे तिथे कॉल झालेलाच नाही. फंक्शन खात्यापासून सुटं करून टायमरकडे दिलं. टायमर ते विंडोला, म्हणजे ब्राउझरच्या सर्वांत बाहेरच्या ऑब्जेक्टला, धिस करून चालवतो, आणि विंडोवर रक्कम नसते. स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे भाषेचे कडक नियम लावले की, सुट्या फंक्शनला थेट कॉल केला तर धिस स्वतःच अनडिफाइन्ड असतं आणि लगेच टाइपएरर मिळते. गप्प चुकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

उपाय दोन. टायमरला () => खाते.दाखव() द्या, म्हणजे टिंबासकट कॉल होईल. किंवा खाते.दाखव.बाइंड(खाते) द्या, म्हणजे धिस कायमचं खाते ठरेल. बाइंड दर वेळी नवं फंक्शन बनवतं, हे विसरू नका: इव्हेंट लिसनर (क्लिकसारखी घटना घडली की चालणारं फंक्शन) जोडताना बाइंड केलं आणि काढताना पुन्हा केलं, तर लिसनर निघत नाही. बाइंड केलेलं फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवून तेच दोन्हीकडे वापरा. 2015 साली आलेल्या, वरच्यासारख्या => ने लिहायच्या अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचं धिस नसतं. ते बाहेरचंच घेतं, धिस ठरवून फंक्शन चालवणाऱ्या कॉल किंवा अप्लाय या मेथड्सनेही बदलत नाही. म्हणून दाखव हेच अ‍ॅरो म्हणून लिहिलं तर खाते.दाखव() सुद्धा फसतं.

आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनला कंसात दिलेल्या किमती, याही बोलावणाऱ्याच्याच हातात. कमी दिली तर उरलेल्या जागी अनडिफाइन्ड येतं, जास्तीची मुकाट सोडली जातात. ['10', '10', '10'].मॅप(पार्सइंट) याचं उत्तर येतं 10, नॅन (म्हणजे ‘संख्या नाही’), 2. मॅप यादीतल्या प्रत्येक घटकासाठी दिलेलं फंक्शन चालवतं आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाठवतं: घटक, त्याचा 0 पासून मोजलेला क्रमांक आणि पूर्ण अ‍ॅरे. मजकुरातून पूर्णांक काढणारं पार्सइंट दुसरी गोष्ट संख्यापद्धतीचा पाया समजतं. 0 म्हणजे नेहमीचा दशमान, 1 हा पाया चालत नाही, आणि पाया 2 असताना '10' म्हणजे दोन. मॅप(क => पार्सइंट(क, 10)) लिहिलं की तिन्ही 10 येतात.