सळईपर्यंत मीठ पोचतं कसं?

नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची इमारत 1601 कोटी रुपयांना राज्य सरकारकडे देण्याच्या व्यवहाराला मार्च 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. 2012 मध्ये मंत्रालयाला आग लागल्यापासून सरकारला जागेची चणचण होतीच, त्यामुळे बातमीत तसं नवल नव्हतं. पण तेव्हापासून विषय निघाला की कोणी ना कोणी विचारतंच: समुद्रात भराव टाकून बांधलेली पन्नास वर्षांची तेवीस मजली इमारत, उद्या खचली तर? काळजी रास्त आहे, फक्त संशय भलत्यावर आहे: तो भरावावर नाही, समुद्राच्या मिठावर घ्यायला हवा.

भरावाचं आधी उरकून टाकू. बॅकबेच्या, म्हणजे नरिमन पॉइंट ज्यावर उभा आहे त्या, भरावाचा इतिहास मोठा रंगेल आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर भरावाच्या कंपन्या निघाल्या आणि 1865 मध्ये युद्ध संपताच बुडाल्या. 1920 च्या दशकात सरकारने तेच काम पुन्हा हाती घेतलं, खर्च हाताबाहेर गेला आणि खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्यातला घोळ चव्हाट्यावर आणला. भरावावर टीका करणाऱ्या माणसाचं नाव पुढे भरावालाच मिळालं! असो. उंच इमारतीचं वजन या भरावावर टेकवतच नाहीत. पाया भराव आणि चिखल ओलांडून खाली बेसाल्टपर्यंत नेतात. मुंबईखालचा हा काळा खडक सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, त्याला तेवीस मजल्यांचं काही वाटत नाही.

लोखंडाच्या सांगाड्यावर इमारत तोलायची आणि भिंतींनी फक्त आडोसा करायचा, ही उंच इमारतीमागची मूळ कल्पना. तिचं श्रेय शिकागोच्या 1885 च्या होम इन्शुरन्स बिल्डिंगला देतात. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, त्याआधीच 1860 च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं होतं, हे मुंबईकरांनी अधूनमधून शिकागोवाल्यांना ऐकवायला हरकत नाही. शंभर वर्षांनी नरिमन पॉइंटवर टॉवर आले. वास्तुविशारद जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांचा पंचवीस मजली एक्सप्रेस टॉवर्स आला आणि त्याच्या शेजारी 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी यांची तेवीस मजली एअर इंडिया. पण त्या काळात मुंबईतल्या बहुतेक उंच इमारतींचा सांगाडा शिकागोसारखा पोलादी नव्हता, सळया घातलेल्या काँक्रीटचा होता. आणि हा सांगाडा अरबी समुद्राच्या तोंडावर उभा होता.

काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, ताण सळई घेते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण उघड्यावर चार दिवसांत तांबडी होणारी सळई काँक्रीटच्या पोटात पन्नास-पन्नास वर्षं गंजत कशी नाही? काँक्रीट तिला हवेपासून झाकतं म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. काँक्रीट सच्छिद्र असतं, हवा आणि पाणी दोन्ही आत जातात. खरं कारण रासायनिक आहे. सिमेंटमुळे त्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू साडेबारा ते तेरा असतो, म्हणजे कडक अल्कली. एवढ्या अल्कलीत लोखंडावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा घट्ट थर धरतो आणि तोच गंज थोपवतो. तेवीस मजले या अदृश्य थराच्या भरवशावर उभे असतात.

हा थर दोन गोष्टींनी जातो. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो हळूहळू आत शिरून अल्कली मारतो. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) मारलं की हे डोळ्यांना दिसतं: आतला निरोगी भाग लगेच गडद गुलाबी होतो आणि बाहेरची मेलेली पट्टी करडीच राहते. दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे मिठातला. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर लाटा फुटतात, त्यांचे तुषार वाऱ्यावर चढतात, भिंतीवर वाळतात आणि पुढच्या सरीबरोबर मीठ विरघळून आत झिरपतं. क्लोराइडला अल्कली मारायची गरजच नसते. ते त्या थराला एखाद्या जागी भोक पाडतं, तिथे आम्ल तयार होतं आणि क्लोराइड स्वतः खर्च न होता पुन्हा मोकळं होतं.

आता माझा आवडता नियम. क्लोराइडला सळईपर्यंत पोचायला जो काळ लागतो, तो ढोबळमानाने अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सळईवरच्या काँक्रीटच्या थराला साइटवर कव्हर म्हणतात. समजा, 25 मिलिमीटर कव्हर ओलांडायला 20 वर्षं लागली. तर तशाच काँक्रीटमध्ये 50 मिलिमीटरला 40 नाही, 80 वर्षं लागतील. आणि साडेबारा मिलिमीटरला फक्त पाच. म्हणजे इमारतीचं आयुष्य सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर) सळईखाली ठेवलेल्या त्या काडेपेटीएवढ्या कव्हर ब्लॉकवर ठरतं. तो सरकला, किंवा संपला म्हणून कोणी खडीचा तुकडा सारला, किंवा वरून चालणाऱ्याच्या पायाने जाळी दबली, की तेवढ्या जागी साठ-सत्तर वर्षं कापली गेली. आजचं आयएस 456, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 45 मिलिमीटर आणि लाटांचे तुषार बसतात तिथे 50 मिलिमीटर कव्हर मागतं, त्यामागे हेच गणित आहे.

वास्तुशास्त्रवाले पश्चिमेला पाणी अशुभ सांगतात. पश्चिमेकडचं पाणी मुंबईच्या इमारतींना बाधतं हे खरं, पण ते सोडियम क्लोराइडमुळे, आणि त्यावर पिरॅमिड टांगून उपयोग नाही. ‘नॅनो’ रंगाच्या एका हाताने इमारत आयुष्यभर गंजमुक्त करणाऱ्या जाहिरातींनाही तोच न्याय. रंग नवं मीठ अडवेल, आधीच आत गेलेल्याचं काय?

थर फुटल्यावर सळईवर चक्क विजेचा सेल तयार होतो. जिथे भोक पडलं तिथे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं. तो झाला अ‍ॅनोड. ते इलेक्ट्रॉन सळईतूनच शेजारच्या शाबूत भागाकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी ते घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. तो कॅथोड. ओल्या काँक्रीटमधून आयन (विद्युतभारित कण) फिरतात आणि सर्किट पुरं होतं. काँक्रीट सतत बुडालेलं असेल तर ऑक्सिजन कमी पडतो, कोरडं ठक्क असेल तर आयन हलत नाहीत. आळीपाळीने भिजणं-वाळणं सगळ्यात वाईट, आणि मुंबईची हवा नेमकी तशीच. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो. ती नसते, म्हणून कव्हर आतून फुटतं आणि छज्जाचे पोपडे खाली पडतात.

यात एक मेख आहे, आणि दुरुस्ती करूनही दर पाच-सात वर्षांनी पुन्हा वर्गणी काढणाऱ्या सोसायट्यांनी ती नीट वाचावी. अ‍ॅनोड गंजत असतो तेव्हा तो शेजारच्या सळईला कॅथोड बनवून वाचवत असतो. आपण काय करतो? फुगलेला भाग फोडतो, सळई घासतो, पॉलिमर मॉर्टर भरतो. त्या जागचा अ‍ॅनोड संपला. पण पॅचच्या कडेबाहेरच्या जुन्या काँक्रीटमध्येही मीठ पोचलेलंच असतं, फक्त आजवर संरक्षण होतं म्हणून ते गप्प होतं. आता संरक्षण गेलं, वर पॅचमधली चकचकीत सळई मस्त कॅथोड झाली. मग पॅचला वळसा घालून नवा गंज सुरू होतो. कंत्राटदाराचा पॅच शाबूत राहतो आणि त्याच्याभोवती पोपडे सुटतात. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. पॅच चांगला बसला तरी हे होऊ शकतं.

तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिकेच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यात हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतात आणि रिबाउंड हॅमर (उसळीवरून पृष्ठभागाचा कणखरपणा सांगणारं यंत्र) लावतात, पण ही दोन्ही साधनं कव्हर सुटल्यानंतरची किंवा वरवरची गोष्ट सांगतात. गंज फुगण्याआधी पकडायचा तर दोन चाचण्या हव्यात. वेगवेगळ्या खोलीवरचा काँक्रीटचा भुगा काढून त्यातलं क्लोराइड मोजायचं, म्हणजे मीठ कुठवर आलंय ते कळतं. दुसरी हाफ-सेल: तांबं-मोरचुदाचा इलेक्ट्रोड पृष्ठभागावर टेकवून सळईचं विभव (व्होल्टेज) मोजायचं. उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांवर धरतात. पूर्ण कॉलमवर चौकटी आखून असे आकडे घेतले की नकाशाच तयार होतो.

आणि पॅचच करायचा असेल, तर त्याच्या कडेला सळईला जस्ताचे गोळे बांधायचे. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणजे अ‍ॅनोडची भूमिका ते घेतं आणि सळई वाचते. हे गोळे झिजतात, काही वर्षांनी संपतात, तेव्हा पुन्हा बघावं लागतं. दुरुस्तीच्या टेंडरमध्ये मात्र दर लिहिलेला असतो तो चौरस फुटाचा, त्यामुळे जस्ताची ओळ त्यात हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते.