दाखला मागायला बंदी

७ मे २०२१ रोजी अमेरिकेतल्या मोन्टाना राज्याचे गव्हर्नर ग्रेग जियानफोर्टे यांनी हाउस बिल ७०२ वर सही केली. एखाद्याने लस घेतली आहे की नाही, यावरून त्याला नोकरी नाकारणं किंवा दुकानात, दवाखान्यात वेगळी वागणूक देणं हा त्या दिवसापासून बेकायदा भेदभाव ठरला. वंश, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करू नका असं सांगणाऱ्या तिथल्या मानवी हक्क कायद्याच्या पंगतीला लशीचा दाखलाही जाऊन बसला.

त्याच आठवड्यात, ३ मे रोजी, फ्लोरिडानेही कोव्हिड लशीचा कागद ग्राहकांकडे मागण्यावर बंदी घातली होती. दंड प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलरपर्यंत. जूनमध्ये टेक्सासने पाठोपाठ तसाच कायदा केला. फ्लोरिडाच्या कायद्यात एक गंमत होती. बंदी कागद मागण्यावर होती, तोंडी विचारायला आडकाठी नव्हती. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या जहाज कंपनीने कायद्याला आव्हान दिलं, ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगितीही मिळवली. जहाजवाल्यांची धास्ती समजण्यासारखी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या किनाऱ्याला अडकून पडलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली होती. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती स्थगिती उठवली.

या कायद्यांचं समर्थन दोन पायांवर उभं होतं. पहिला स्वातंत्र्याचा. तो वाद जुना आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात देवीची साथ असताना लस नाकारणाऱ्या एका पाद्र्याला ५ डॉलर दंड झाला होता आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दुसरा पाय विज्ञानाचा होता: लस घेतलेल्यांनाही लागण होते, तेही पसरवतात, मग तो कागद नेमकं काय सिद्ध करतो?

हा प्रश्न सरसकट ‘लसविरोधी’ म्हणून उडवून लावला गेला, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. प्रश्न रास्तच होता. जुलै २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच प्रॉव्हिन्सटाउन या किनाऱ्यावरच्या गावात उन्हाळी गर्दी झाली. त्यातून राज्यातल्या ४६९ जणांना कोव्हिड झाल्याचं नोंदलं गेलं. त्यांतल्या ७४ टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. हा आकडा ऐकून ‘म्हणजे लस निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणं चूक. जिथे बहुतेकांनी लस घेतली आहे तिथे रुग्णांतही लस घेतलेलेच जास्त दिसणार. शिवाय त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. पण दुसरी गोष्ट खरोखरच अस्वस्थ करणारी होती. लस घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या नाकातल्या नमुन्यांत विषाणूचं प्रमाण साधारण सारखंच दिसलं.

असं का व्हावं? याचं उत्तर लशीच्या दर्जात कमी आणि विषाणूच्या वेळापत्रकात जास्त सापडतं.

लस टोचल्यावर शरीरात दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे रक्तात फिरणारी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं (अँटीबॉडी). ती पहिल्या काही महिन्यांत भरपूर असतात, मग ओसरतात. दुसरी म्हणजे स्मृतिपेशी, ज्या वर्षानुवर्षं टिकतात. पण स्मृतिपेशी निजलेल्या असतात. शत्रू ओळखून, संख्या वाढवून, नव्या प्रतिपिंडांचा मारा सुरू करायला त्यांना चार-पाच दिवस लागतात. आता दोन विषाणू बघा. गोवराचा विषाणू श्वासावाटे आत येतो, पण लगेच खोकल्यातून बाहेर पडत नाही. तो आधी रोगप्रतिकारक पेशींतच शिरतो, लसिका ग्रंथींत वाढतो, रक्तातून अंगभर फिरतो, आणि मग पुन्हा श्वसनमार्गाच्या अस्तराकडे येतो. तिथून तो दुसऱ्यापर्यंत जातो. अंगावर पुरळ यायला १० ते १४ दिवस लागतात, आणि रुग्ण साधारण पुरळाच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवतो. एवढ्या लांबच्या फेरीत स्मृतिपेशींना जागं होऊन वाट अडवायला भरपूर सवड मिळते.

कोव्हिडच्या विषाणूला, म्हणजे त्याच्या ओमिक्रॉन या नंतरच्या अवताराला, असा वळसा घालावाच लागत नाही. नाका-घशाच्या अस्तरावर तो उतरतो, तिथेच वाढतो आणि सुमारे तीन दिवसांत लक्षणं दिसू लागतात. दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, पण नाकाच्या ओल्या अस्तरावर ती तुटपुंजीच पोहोचतात. स्मृतिपेशी कामाला लागेपर्यंत विषाणू पुढच्या माणसाकडे गेलेला असतो. फुप्फुसं मात्र वाचतात, कारण तिथवर पोहोचायला विषाणूलाही वेळ लागतो. म्हणून कोव्हिडची लस घेतलेला माणूस मरणापासून बऱ्यापैकी सुरक्षित राहिला, पण त्याच्या शेजारी बसलेल्याला त्या दाखल्याचा आधार महिन्यागणिक कमी होत गेला. अगदी ताज्या डोसनंतरचे काही महिने सोडले, तर ‘हा माणूस रोग पसरवणार नाही’ असं म्हणायला तो कागद पुरेसा नव्हता.

मुंबईकरांना हे आठवत असेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा पास मिळवायला दोन डोस आणि त्यावर १४ दिवस उलटल्याचा पुरावा लागत होता. महाराष्ट्रासह काही राज्यांच्या अशा आदेशांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. २ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. लसीकरणाचं सरकारी धोरण त्यांनी मनमानी ठरवलं नाही, पण लस घेण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही असंही सांगितलं. आणि मुख्य म्हणजे, लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे हे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नाही, तेव्हा त्यांच्यावरचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, असं म्हटलं. निकाल त्या रोगापुरता, त्या लशींपुरता आणि तेव्हाच्या पुराव्यापुरता होता. मला तो शास्त्रीयदृष्ट्या मोन्टानाच्या कायद्यापेक्षा कितीतरी काटेकोर वाटतो.

कारण मोन्टानाचं विधेयक आलं कोव्हिडच्या रागातून, पण त्याची व्याप्ती कोव्हिडपुरती ठेवली गेली नाही. गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी, सगळं त्यात आलं. शाळा आणि पाळणाघरांना सूट मिळाली, वृद्धाश्रमांसारख्या संस्थांना अटींसह मिळाली. रुग्णालयांना मात्र एवढीच मुभा की कर्मचाऱ्याने स्वखुशीने सांगितलं तर ठीक. सांगितलं नाही तर त्याने लस घेतलेली नाही असं धरून खबरदारी घ्यावी.

गोवराच्या बाबतीत दाखला म्हणजे काय, हे इथे लक्षात घ्यायला हवं. एका रुग्णापासून, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना गोवर होऊ शकतो. १५ धरले तर साथ थोपवायला दर १५ पैकी १४ जण सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९३ टक्के. दोन डोसांनी मिळणारं संरक्षण सुमारे ९७ टक्के आहे आणि बहुतेकांना ते आयुष्यभर पुरतं. इथे कागदावरची नोंद आणि माणसाच्या शरीरातली स्थिती जवळजवळ जुळतात. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांचे आईबाप जुनी पिवळी पडलेली लसीकरणाची कार्डं शोधत घर उलथंपालथं करतात, ती बहुतेकदा याच दोन डोसांसाठी.

रुग्णालयात याचा थेट उपयोग असतो. गोवराचा रुग्ण येऊन गेला की त्याच्या संपर्कात आलेल्या, पण प्रतिकारशक्तीचा पुरावा नसलेल्या कर्मचाऱ्याला संपर्काच्या पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कामावर येऊ देत नाहीत. पुरावा पाहायचाच नाही म्हटलं तर कुणाला घरी पाठवायचं? शेजारच्या खोलीत केमोथेरपी चालू असलेलं मूल असतं, ज्याला गोवराची लस देताच येत नाही, कारण तीत जिवंत, दुर्बल केलेला विषाणू असतो. मोन्टानातल्या डॉक्टरांच्या संघटनेने आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या काही रुग्णांनी कायद्याला आव्हान दिलं ते याच मुद्द्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी आरोग्यसेवेच्या ठिकाणी कायदा लागू करण्यावर कायमची मनाई केली. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती उलटवली. एप्रिल २०२५ मध्ये मोन्टानात गोवर सापडला, १९९० नंतर पहिल्यांदा.

म्हणून ‘दाखले हवेत की नकोत’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोणत्या रोगाचा दाखला, हे आधी विचारायला हवं. डांग्या खोकल्याचंच घ्या. हल्ली अमेरिकेत दिली जाणारी अपेशीय (म्हणजे अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचे काही अंशच असलेली) लस बाळाला त्या भयंकर उबळीपासून वाचवते, पण बबून माकडांवरच्या प्रयोगात असं दिसलं की ही लस घेतलेल्या माकडांच्या घशात जिवाणू तरीही वाढले आणि दुसऱ्या माकडांपर्यंत पोहोचले. धनुर्वात तर माणसाकडून माणसाला होतच नाही, तो मातीतून जखमेत येतो. माझ्या धनुर्वाताच्या इंजेक्शनने तुम्हाला काडीचाही फायदा नाही. हिपॅटायटिस बीची लस काही प्रौढांत लागूच पडत नाही, त्यामुळे परिचारिकेच्या बाबतीत तीन डोसांच्या नोंदीपेक्षा रक्तातली प्रतिपिंडं मोजणं जास्त भरवशाचं.

जगाने हे कुठेतरी फार आधी ओळखलं होतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत नाव घेऊन उल्लेखलेला लसीचा दाखला एकाच रोगाचा आहे, पीतज्वराचा. आणि त्याच नियमांत मनाईही आहे: नियमांत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत नसलेले आरोग्याचे कागद देशांनी प्रवाशांकडे मागू नयेत. म्हणजे दाखल्यांना वेसण घालणं ही मोन्टानाची कल्पना नव्हे. पीतज्वराचा तो पिवळा दाखला बारकाईने वाचण्यासारखा आहे. टोचल्यानंतर १० दिवसांनी तो लागू होतो, कारण पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बाधित देशांतून दाखल्याशिवाय मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, कारण रोगाची लक्षणं दिसायला लागणारा काळ तेवढा असतो. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. पूर्वी हा दाखला १० वर्षं चालायचा. एक डोस जन्मभर पुरतो हे स्पष्ट झाल्यावर जुलै २०१६ पासून तो तहहयात झाला.

अमेरिकेत वारं उलट्या दिशेने वाहतंय. एप्रिल २०२५ मध्ये आयडाहोने लशींच्याही पुढे जाऊन ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ या व्यापक नावाखाली व्यवसाय आणि सरकारी संस्थांना सक्ती करायला बंदी केली. गव्हर्नर ब्रॅड लिट्ल यांनी पहिला मसुदा परत पाठवला होता. आजारी मुलाला शाळेतून घरी पाठवणंही त्यामुळे अवघड होईल, ही त्यांची हरकत होती.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडाने शाळाप्रवेशासाठीच्या लशींच्या सगळ्याच अटी काढून टाकायचं जाहीर केलं. त्यांतल्या चार अटी आरोग्य खात्याच्या नियमावलीत होत्या, म्हणून त्या खात्याच्या पातळीवरच काढता येणार होत्या: हिपॅटायटिस बी, कांजिण्या, न्यूमोकोकस आणि हिब. बाकीच्या कायद्यातच लिहिलेल्या असल्याने त्यांना विधिमंडळाची संमती लागते. हिबचे जिवाणू खोकल्या-शिंकेतून पसरतात आणि तान्ह्या बाळांना मेंदूज्वर करतात. ती अट खात्याच्या सहीने जाऊ शकते. विधिमंडळाशिवाय हात लावता येत नाही अशा यादीत, गोवर आणि पोलिओच्या शेजारी, धनुर्वात आहे.