भारतातील किफायती विमानसेवा

प्रत्येक आसनामागचा खर्च शक्य तितका खाली आणून कमी भाड्यात प्रवासी नेणारी विमानसेवा. अशा कंपन्या सहसा एकाच जातीची विमाने वापरतात, त्यांत एकच वर्ग ठेवतात, दोन शहरांदरम्यान थेट उड्डाणे करतात, तिकिटे मुख्यतः इंटरनेटवरून विकतात आणि जेवण, आवडीचे आसन, जादा सामान यांचे पैसे वेगळे घेतात. भारतात ही पद्धत 2003 मध्ये एअर डेक्कनने आणली. आज देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्या दहांपैकी सहांहून अधिक जण एकट्या इंडिगोने जातात. एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा एअर आणि स्पाइसजेट यांचे प्रवासी त्याशिवाय. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बहुतेकांना जे विमान भेटते ते हेच : पाय आखडून बसायचे, उपमा विकत घ्यायचा, पण मुंबईहून दोन-सव्वादोन तासांत दिल्ली.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे विमानभाडे आणि मार्ग 1978 पर्यंत केंद्रीय मंडळ ठरवीत असे. मात्र एकाच राज्यात उडणारी कंपनी त्या मंडळाच्या कक्षेबाहेर राही. ही फट साधून साउथवेस्ट एअरलाइन्सने 18 जून 1971 रोजी टेक्सासमधील डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांदरम्यान बोइंग 737 विमाने सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीत कंपनीला चारांपैकी एक विमान विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचेच ठेवायचे होते. म्हणून उतरलेले विमान प्रवासी, सामान आणि इंधनासह दहा मिनिटांत पुन्हा निघावे असा दंडक घातला गेला. किफायती विमानसेवेचा सगळा हिशोब या दहा मिनिटांत सापडतो : जमिनीवर उभे विमान हप्ता खाते, आकाशातले विमान तो फेडते. पुढे युरोपात रायनएअर व ईझीजेट आणि मलेशियात एअरएशिया यांनी हाच धडा आपापल्या परीने गिरवला.

भारतातील सुरुवात

1953 च्या कायद्याने भारतातील विमानवाहतूक सरकारी झाली आणि चार दशके इंडियन एअरलाइन्स हीच देशांतर्गत प्रवासाची एकमेव मोठी सोय होती. नव्वदीच्या सुरुवातीला ईस्ट-वेस्ट, जेट, दमानिया, मोदीलुफ्त अशा खासगी कंपन्या उतरल्या आणि 1994 मध्ये जुना कायदाही रद्द झाला. पण या कंपन्यांचे गिऱ्हाईक तेच राहिले : कंपनीच्या खर्चाने फिरणारे अधिकारी, व्यापारी आणि सुखवस्तू कुटुंबे.

लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी ऑगस्ट 2003 मध्ये एअर डेक्कन सुरू केली, ती बेंगळुरू–हुबळीसारख्या मार्गांवर आणि लहान एटीआर विमानांनी. त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला तो आगगाडीच्या वातानुकूलित डब्यातला प्रवासी. कंपनीचे बोधचित्र होते आर. के. लक्ष्मण यांचा चौकडीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’. निवड अचूक होती. ज्याने आयुष्यभर विमाने खालूनच पाहिली, त्यालाच कंपनीने दारात उभे केले. एक रुपयाच्या मोजक्या तिकिटांनी गाजावाजा झाला. ती थोड्यांनाच मिळाली, पण तिकीट किती लवकर काढले यावर भाडे ठरते ही गोष्ट देशाला पहिल्यांदा कळली ती अशी.

पाठोपाठ 2005 मध्ये स्पाइसजेट आणि वाडिया समूहाची गोएअर आली. त्याच वर्षी एअर इंडियाने केरळमधून आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांसाठी एअर इंडिया एक्स्प्रेस सुरू केली. 4 ऑगस्ट 2006 रोजी राहुल भाटिया व राकेश गंगवाल यांची इंडिगो उडाली. एकही उड्डाण केलेले नसताना या कंपनीने 2005 च्या पॅरिस विमानप्रदर्शनात एअरबसला शंभर ए-320 विमानांची मागणी नोंदवली होती. त्या वेळी अनेकांनी तिला वेड्यात काढले.

खर्चाचे गणित

भारतात हा धंदा अमेरिका-युरोपपेक्षा अवघड आहे, कारण ज्या गोष्टींवर तेथील कंपन्या पैसे वाचवतात त्यांतल्या बऱ्याच येथे हातात नसतात. रायनएअर पॅरिसऐवजी सुमारे 85 किलोमीटरवरच्या बोव्हेला विमान उतरवते आणि स्वस्त विमानतळाचा फायदा घेते. मुंबई, पुणे किंवा चेन्नईला वर्षानुवर्षे असा पर्यायच नव्हता. महागड्या आणि सगळ्यांना सारखे शुल्क लावणाऱ्या विमानतळावरच उतरावे लागे. इंधनाचेही तसेच. विमानाचे इंधन अजून जीएसटीत नाही. प्रत्येक राज्य त्यावर आपला मूल्यवर्धित कर लावते आणि कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा 30 ते 40 टक्क्यांपर्यंत जातो. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगडसाठी हा कर 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. विमानांची भाडेपट्टी डॉलरमध्ये भरायची असते आणि तिकीट रुपयांत विकायचे असते, म्हणून रुपया घसरला की तोटा आपोआप वाढतो.

मग वाचवायचे कशात? उरतो तो मुख्यतः वेळ. एकच विमान पहाटे पाच-साडेपाचला निघते आणि मध्यरात्रीपर्यंत पाच-सहा शहरे करते. उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत अर्धा तास मिळतो. तेवढ्यात हवाईसेविकाच आसनांच्या खिशांतला कचरा गोळा करतात आणि पट्टे सरळ करून ठेवतात. इंडिगोने शिडीऐवजी उतार वापरायला सुरुवात केली. त्यावरून चाकाची खुर्ची सहज चढते हा लाभ खराच, पण वृद्ध आणि सामानवाले प्रवासीही त्यावरून भरभर वर जातात. गरम जेवण नसल्याने विमानात भट्ट्या कमी लागतात, वजन घटते आणि ताटे चढवण्या-उतरवण्याचा वेळ वाचतो. पोहे-उपम्याच्या डब्यात उकळते पाणी ओतून देण्यामागचे खरे कारण हे आहे. पाकशास्त्राशी त्याचा फार संबंध नाही.

एकाच जातीची विमाने असली की कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो आणि सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागतात. ए-320 मध्ये 180 किंवा 186 आसने बसवली जातात. इंडिगोने याला आणखी एक जोड दिली. मोठ्या संख्येने मागणी नोंदवून विमान सवलतीत घ्यायचे, हाती येताच भाडेपट्टी कंपनीला विकायचे आणि तेच भाड्याने चालवायचे. काही वर्षांनी ते परत करून नवे आणायचे. विमाने तरुण राहतात, दुरुस्ती कमी लागते आणि सुरुवातीला रोख रक्कमही हाती येते.

या साखळीचा तोटा प्रवाशाला संध्याकाळी जाणवतो. सकाळी दिल्लीच्या धुक्यात तासभर अडकलेले विमान तो तास दिवसभर सोबत घेऊन फिरते आणि रात्री नऊचे पुणे साडेदहाला निघते. वेळ पाळायची असेल तर पहाटेचे विमान बरे, असे नियमित प्रवासी सांगतात ते यामुळेच. झोपेचे खोबरे होते, पण विमान रात्रभर तळावरच मुक्कामी असते.

पडझड

एअर डेक्कनला पैसा कधीच पुरला नाही. 2007 मध्ये विजय मल्ल्या यांच्या समूहाने तिच्यात हिस्सा घेतला. देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण केल्याशिवाय परदेशी उड्डाण करता येत नसे. डेक्कनची ती वर्षे 2008 मध्ये भरली आणि मल्ल्यांच्या किंगफिशर विमानसेवेला परदेशाचे दार उघडले. डेक्कनचे नाव पुसून ‘किंगफिशर रेड’ झाले. दिमाखदार सेवा आणि काटकसरीची सेवा एका छपराखाली नांदली नाही, आणि ऑक्टोबर 2012 मध्ये सगळीच विमाने जमिनीवर आली.

स्पाइसजेट डिसेंबर 2014 मध्ये इंधनाच्या थकबाकीपायी बंद पडता पडता वाचली. गोएअरने 2021 मध्ये ‘गो फर्स्ट’ नाव घेतले. मे 2023 मध्ये सदोष इंजिनांकडे बोट दाखवत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी 2025 मध्ये ती अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा आदेश झाला. एअरएशिया इंडिया टाटांकडे जाऊन ऑक्टोबर 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली. नव्यांपैकी अकासा एअर 7 ऑगस्ट 2022 रोजी मुंबई–अहमदाबाद मार्गाने सुरू झाली.

इंडिगो मात्र वाढत राहिली आणि जून 2023 मध्ये तिने एकदम 500 विमानांची मागणी नोंदवली. घड्याळाशी प्रामाणिक राहणे हे तिच्या यशाचे कारण. पण घड्याळ किती ताणायचे याला मर्यादा असते, हे डिसेंबर 2025 मध्ये दिसले. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेणारे आणि रात्री विमान उतरवण्यावर मर्यादा घालणारे नवे नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. त्यांना पुरेल इतके वैमानिक कंपनीच्या वेळापत्रकात नव्हते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर सामानाचे ढीग लागले आणि इतर कंपन्यांची भाडी इतकी भडकली की सरकारला अंतरानुसार कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. नियामकाने नियमांतून तात्पुरती सूट दिली. नियमांची पूर्वसूचना दीर्घकाळ असताना सूट कंपनीला मिळावी आणि लग्न-परीक्षा चुकलेल्या प्रवाशाने रांगेत उभे राहावे, ही गोष्ट अनेकांना खटकली, आणि ते योग्यच होते. साठ टक्के बाजार एकाच कंपनीच्या हाती असला की तिची अडचण देशाची अडचण होते.

तिकीट आणि प्रवाशाचे हक्क

एका विमानातली आसने अनेक भाडेगटांत विभागलेली असतात. स्वस्त गट संपला की संगणक पुढचा गट उघडतो. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांत तिप्पट फरक असू शकतो. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात स्वस्त गट जवळपास उघडतच नाहीत. करोनाकाळात, मे 2020 ते ऑगस्ट 2022, सरकारने किमान-कमाल भाडे ठरवले होते. एरवी भाडे बाजारावर सोडलेले आहे.

देशांतर्गत नेहमीच्या तिकिटावर 15 किलो सामान आणि हातात 7 किलोची बॅग चालते. 2021 पासून फक्त हातातल्या बॅगेचे स्वस्त तिकीटही काढता येते. मात्र असे तिकीट काढून आंब्याची पेटी घेऊन गेल्यास काउंटरवर बचतीहून अधिक पैसे जातात. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे नागरी विमानवाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये बजावले आहे.

नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे नियम प्रवाशांना वाटते त्यापेक्षा बरे आहेत, फक्त ते मागावे लागतात. उशीर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की खाणे-पिणे द्यावे लागते. सहा तासांहून अधिक असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केल्यास प्रवासाच्या कालावधीनुसार 10,000 रुपयांपर्यंत भरपाई आहे. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ती लागू होत नाही. तिकीट प्रवाशाने स्वतः रद्द केले तरी सरकारी कर व विमानतळ शुल्क परत मिळते आणि रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. स्वस्त तिकिटावर परत येणारी रक्कम किरकोळ असते आणि बरेच जण ती मागतच नाहीत.

महाराष्ट्र आणि गोवा

लहान शहरांसाठी केंद्राची ‘उडान’ योजना 2016 मध्ये आली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांपुरते 2,500 रुपये भाडे, आणि तुटीची भरपाई सरकारकडून, अशी तिची मूळ आखणी होती. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसावा, ही घोषणा त्या वेळची. 27 एप्रिल 2017 रोजी शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबाद सेवेचाही प्रारंभ झाला. ती चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली. महालेखापरीक्षकांच्या 2023 मधील अहवालाने या योजनेचा खरा ताळेबंद मांडला : पहिल्या टप्प्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत आणि अनुदानाची तीन वर्षे संपल्यावर मार्च 2023 पर्यंत टिकले ते फक्त 54.

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला आणि मुंबईची सेवा मिळूनही पुढे ती खंडित झाली. ही पोकळी काही प्रमाणात गोव्यातील मोपा येथून मार्च 2024 मध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या फ्लाय91 ने भरली; तिने चिपीला बेंगळुरू व हैदराबादशी जोडले आणि 9 जून 2025 पासून सोलापूर–गोवा मार्ग चालवला. एटीआरला पन्नास-साठ प्रवासी पुरतात, ए-320 ला दीडशेहून अधिक लागतात. सोलापूर किंवा जळगावचे गणित एटीआरनेच जुळू शकते. अडचण असते ती मुंबईत. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांमुळे तेथे एका वेळी एकच वापरता येते आणि सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा मोठ्या विमानांनी भरलेल्या असतात. सत्तर आसनांच्या विमानाला मिळते ती दुपारची वेळ, आणि कामासाठी सकाळी जाऊन रात्री परतू पाहणाऱ्याला तिचा काहीच उपयोग नसतो. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली आहेत आणि छोट्या शहरांना सकाळची वेळ मिळण्याची शक्यता आता तेथेच आहे.