केनियाच्या सफारीपूर्वी : यलो फीव्हरच्या लशीविषयी

आमच्याकडे केनियाची चौकशी करणारे ग्राहक सिंह नक्की दिसतील ना, हे आधी विचारतात आणि लशीचा विषय काढला की "ते नंतर बघू" म्हणतात. सिंहाची हमी कोणीच देऊ शकत नाही (आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही, हेही आम्हांला दर हंगामात सांगावे लागते). लस मात्र सर्वस्वी आपल्या हातात असते, आणि तरीही सहलीचे वेळापत्रक बहुतेक वेळा तिच्यामुळेच कोलमडते.

यलो फीव्हर भारतात नाही. परंतु तो पसरविणारा एडिस डास, ज्याच्यामुळे आपल्याकडे डेंग्यू होतो, तो गल्लोगल्ली आहे. एखाद्या बाधित प्रवाशामुळे हा रोग येथे शिरू नये म्हणून भारत सरकारचा नियम कडक असून, केनियाहून परतणाऱ्या व्यक्तीकडे लस घेतल्याचे वैध प्रमाणपत्र नसल्यास तिला ६ दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवले जाऊ शकते. अंबोसेली, नाकुरू आणि मसाई मारा मिळून आपण जंगलात राहतो तेही ६ दिवसच.

नेमकी चूक होते ती तारखांच्या हिशेबात. लस टोचून घेतल्यानंतर प्रमाणपत्र वैध ठरते ते दहाव्या दिवसापासून. शिवाय ही लस कोणत्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. ती शासनमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून अनेक केंद्रे ठरावीक वारी, आगाऊ नोंदणी करूनच लस देतात. मागील हंगामात एका कुटुंबाला केंद्रावर तारीख मिळाली ती निघण्याच्या अवघे ४ दिवस आधीची. पाचही जणांची विमानाची तिकिटे बदलावी लागली आणि तो भुर्दंड त्यांनाच पडला.

म्हणूनच आम्ही प्रस्थानाच्या ३० दिवस आधी प्रमाणपत्राची प्रत मागतो आणि ती हाती आल्याखेरीज अंतिम कागदपत्रे देत नाही. काहींना हा अतिरेक वाटतो, हे आम्ही जाणतो. तथापि या अटीत आम्ही सवलत देत नाही. विल्डबीस्ट (आफ्रिकेतील मोठी हरणे) आणि झेब्रे मारा नदी ओलांडतात तो काळ साधारण जुलै ते ऑक्टोबरचा असल्याने, त्या सहलींच्या ग्राहकांनी मे महिन्यातच लस घ्यावी, हे उत्तम.

केंद्रावर जाताना पासपोर्ट अवश्य न्यावा आणि प्रमाणपत्रावरील नाव व पासपोर्ट क्रमांक तेथेच ताडून पाहावा. पूर्वी कधी लस घेतली असेल तर ती पुन्हा घ्यावी लागत नाही, कारण २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजन्म वैध मानले जाते. जुन्या पुस्तिकेवर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.

साठीपुढील ग्राहकांनी, गर्भवतींनी, तसेच अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असलेल्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस घेणे शक्य नसल्यास तसे आम्हांला मोकळेपणाने कळवावे; अशा ग्राहकांसाठी आम्ही दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची सहल काढतो. तो देश यलो फीव्हरच्या यादीत नाही, आणि सिंह, हत्ती, गेंडे तेथेही आहेत. केंद्रावरील नोंदणी आमच्या कार्यालयातून करून दिली जाते. त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही.